बादलीतली नदी

मडिवाळप्पाच्या बोटांची सालं निघत होती, ती काही म्हातारपणानं नव्हे. गड्यानं पन्नाशी नुकती गाठली होती. पण कारखान्याचं गाळप सुरू झालं की पंधरा दिवसांत नदीचं पाणी चहाच्या चोथ्यागत व्हायचं, बंधाऱ्याखाली फेस साचायचा, आणि त्या पाण्यात दोन घंटे हात घालून बसलं की बोटांच्या बेचक्यांत आग पेटायची. त्याची बायको उमादेवी रोज त्या हातांना खोबरेल चोळायची आणि चोळता चोळता कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

"बोअरच्या पाण्यात धुवा म्हणते मी."

"बोअरला येतंय किती? दोन कळश्या. त्यातबी जड पाणी. साबण लावा न्हाईतर दगड लावा, सारखंच."

"मंग सडवा हात."

गावात परटाचं घर हे एकच. शिरूर अनंतपाळहून येणारी गाडी ज्या फाट्यावर थांबते, तिथून नदीकडं उतरलं की पहिलं. घर लहान, पण मान मोठा. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी महादेवाची पालखी निघायची, तिच्यापुढं पायघड्या टाकायच्या त्या ह्यांनीच. दोन लांब पांढरीशुभ्र कापडं. एकावर पालखीवाले अनवाणी चालत यायचे, तोवर दुसरं पुढं पसरायचं, मग मागलं उचलून पळत पुढं न्यायचं. एकदा खांद्यावर घेतलेली पालखी देवळात परत येईपर्यंत खाली टेकवायची नाही, आणि कापडाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पायघडी जिकडं, पालखी तिकडं. मडिवाळप्पाच्या आज्यानं एकदा शिंदी पिऊन कापड थेट आपल्याच गल्लीत टाकलं, तर देव त्याच्या दारात येऊन उभा राहिला. गाव अजून हसतं त्याला. पण पालखी गेली होती, हे कुणी नाकारत नाही.

त्या मानाची माती झाली मागल्या शिवरात्रीला.

मडिवाळप्पानं पायघड्या नदीवर धुतल्या, दिवस बुडता बुडता वाळत घातल्या. सकाळी घडी करायला घेतल्या तर कापड पिवळं पडलेलं, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. दुसरं कापड आणायला वेळ नव्हता. तो तसंच घेऊन देवळापुढं गेला. संगप्पा, म्हणजे देवस्थान कमिटीचा अध्यक्ष, कपाळाला आडवं भस्म लावून उभा होता. त्यानं कापड हातात घेतलं, हुंगलं आणि सगळ्या गावादेखत मडिवाळप्पाच्या तोंडावर फेकलं.

"देवाच्या पायाखाली हागणदारीचं कापड घालतो व्हय रे?"

"आप्पा, पाणी खराब हाय नदीचं. मळीचं पाणी सोडून राहिलेत वरून."

संगप्पानं खिशातून मोबाईल काढला. बंधाऱ्यावर सरकारी योजनेतून एक खांब बसवला होता. त्याच्याशेजारी पत्र्याची खोली, खोलीत मशीन, छपरावर सोलरची पाटी. पाणी बिघडलं की खांबावर लाल दिवा लागणार, भोंगा वाजणार, कमिटीच्या लोकांच्या मोबाईलवर आणि लातूरच्या हापिसात खबर जाणार, असं उद्घाटनाला सांगितलं होतं. गाव त्याला भोंग्याचा खांब म्हणायचं. उद्घाटनाला वाजला तेवढाच.

"हे बघ," संगप्पा मोबाईल सगळ्यांना फिरवून दाखवत म्हणाला. "हिरवं हाय. मशीन म्हणतंय पाणी चांगलं. मंग खराब काय हाय? तुझा हात."

लोक हसले. त्या साली पायघड्यांऐवजी देवळातल्या सतरंज्या टाकत पालखी कशीबशी फिरवली. मडिवाळप्पा ते पिवळं कापड काखेत मारून घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. उमादेवीनं त्या दिवशी ठरवलं होतं, की संगप्पाला हे फेडावं लागणार. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण कापडावर पडलेला डाग परटीण विसरत नसते.

धुणं कमी झालं. ज्याच्या कापडाला देवापुढं वास आला, त्याच्याकडं लुगडी कोण देणार? श्रावणात राजशेखर नावाचा पोरगेला सायब मोटरसायकलवरून दारात आला. उदगीरचा होता. भोंग्याच्या खोलीची देखभाल त्याच्याकडं, आणि त्याला ठेवलेलं कारखान्यानं.

"मावशी, आजवर मी येऊन करायचो, आता तुम्ही रोज सकाळी खोली झाडायची. आन आत एक बादली हाय, तिच्यात फिल्टरच्या जारचं पाणी भरायचं. मशीनची कांडी त्यात ओली ठेवावी लागते. सुकली की बिघडती."

उमादेवीला वाटलं, असेल. मशीनचं एखादं तोंड नदीत असणार, हे शेपूट इथं भिजत असणार. तिनं किल्ली घेतली आणि पदराच्या गाठीला बांधली. पोट कुणाला चुकलंय?

दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं. बंधाऱ्याला मासे पोट वर करून लागले. भीमाची म्हैस नदीवर पाणी प्याली आणि तिसऱ्या दिवशी खुंट्याला आडवी झाली. मडिवाळप्पानं एका शहाण्याकडून अर्ज लिहून घेतला, धुतलेला सदरा घातला आणि लातूरला गेला. संध्याकाळी आला तो उंबऱ्यातच बसला.

"काय म्हणले?"

"टीव्हीवर दाखवलं त्यांनी. श्रावणापासून रोजचं. सगळं हिरवं हाय म्हनं." त्यानं हात पुढं केले. बोटांच्या पेरांतून लस येत होती. "मी हात दाखवले. सायब म्हणला, त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवा."

त्या दिवशी तो जेवला नाही. तीही नाही.

पौषात एकदा गावात दोन दिवस वीज नव्हती. फिल्टर बंद, जार नाही. उमादेवीनं बोअरचा हापसा मारून बादली भरली. भरली खरी, पण जड पाणी दिसलं की परटिणीचा हात गप्प राहत नाही. लग्न होऊन आल्यापासून तिनं जड पाण्यात सोडा टाकल्याशिवाय कापड बुडवलं नव्हतं. म्हणाली, एवढी नाजूक कांडी, जड पाण्यानं चरचरंल. कनवटीला सोड्याची पुडी होतीच. मूठभर टाकला, हातानं ढवळला, कांडी सोडली.

खांबावरचा दिवा लाल झाला आणि भोंगा असा बोंबलला की बंधाऱ्यावरची बगळ्यांची रांग उठून पार पलीकडच्या शिवारात गेली.  उमादेवी कांडी धरून तशीच उभी.

अर्ध्या घंट्यात राजशेखर आला. मोटरसायकल आडवी टाकून पळत आला. बंधाऱ्यावरून आला, काळ्या पाण्याच्या कडेकडेनं आला, फेसात पाय भरले त्याचे. पण त्यानं नदीकडं एकदाही बघितलं नाही. सरळ बादलीपाशी.

"काय टाकलं हिच्यात?"

"सोडा, सायब. पाणी जड होतं म्हणून..."

"सोडा! अक्कल गहाण ठेवली का, मावशी? धुणं धुवायला ठेवलंय का इथं?" त्यानं बादली लाथ मारून पालथी केली, पिशवीतून विकतच्या पाण्याच्या चार बाटल्या काढल्या, बादलीत ओतल्या आणि कांडी बुडवली. भोंगा थांबला. दिवा हिरवा झाला. मग तो मोबाईलवर कुणाला तरी म्हणाला, "काही नाही सर, साफसफाई चालू होती."

तो गेला. उमादेवी खोलीच्या दारात बसली. समोर नदी, काळी, तोंडाला फेस आलेली. मागं बादली, निर्मळ. नदीत मासे मेले तेव्हा भोंगा वाजला नाही. म्हैस मेली तेव्हा वाजला नाही. बादलीत सोडा पडला आणि वाजला. मशीनला नदी ठाऊकच नव्हती. शहाण्या सायबांनी लातुरात बसून जी नदी बघितली, ती ह्या बादलीतली होती, आणि श्रावणापासून ती रोज उमादेवीनं आपल्या हातानं भरली होती.

नवऱ्याच्या अर्जावर तिनंच पाणी ओतलं होतं. हे कळलं तेव्हा तिला रडू आलं नाही. इतका संताप आला की तिनं आपल्याच उजव्या हातावर दगड मारून घेतला. नंतर त्याच हातानं कांडी बादलीत नीट बसवली आणि कुलूप लावलं.

घरी आल्यावर तिनं मडिवाळप्पाला सगळं सांगितलं. तो उठून सदरा शोधायला लागला.

"कुठं निघालाव?"

"लातूरला. सांगतो त्यांला."

"बसा खाली. तुम्ही पोचायच्या आत हितली बादली घरी जाती आन कांडी नदीत जाती. दोन दिवस नदी धुऊन ठेवतील. मंग पुन्हा तुम्हीच खोटे."

"मंग काय करायचं?"

"गप बसायचं. शिवरात्रीपर्यंत."

शिवरात्रीला चार दिवस उरले असताना संगप्पा स्वतः आला. उंबऱ्याच्या आत आला नाही, नाकाला रुमाल लावून दारातूनच बोलला.

"उमादेवी, यंदा पायघड्या कारखान्यानं दिल्यात. लातूरच्या लाँड्रीतून धुऊन आल्यात. नुसतं टाकायचं काम हाय. पण कुणी टाकायला तयार न्हाई. ज्याला म्हणावं तो म्हणतो, ते परटाचं काम."

"आन मान?"

"मान कसला? फेटा-नारळ राजशेखर सायबाला. कापड कारखान्याचं हाय. तू नुसतं टाकायचं. आन तुझ्या मालकाला पालखीकडं आणू नको बाई. लोक हसतात."

आत मडिवाळप्पा खोकला. उमादेवीनं मान खाली घातली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काय होतं ते संगप्पाला दिसलं नाही.

"टाकते की, आप्पा," ती म्हणाली.

तो गेल्यावर मडिवाळप्पा बाहेर आला. "लाज विकली व्हय ग?"

"तुम्हाला पालखीकडं जायला बंदी हाय न्हवं? मंग जाऊ नका. त्या दिवशी सकाळी नदीवर आपल्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसा. कुठं हलू नका."

पालखीच्या दिवशी ऊन सकाळीच चढलं. सनई सुरू झाली, हलगी कडकडली, चौघांनी पालखी उचलली. पुढच्या डाव्या दांडीला सोमेश होता, भीमाचा पुतण्या, खांद्यानं बैलासारखा. राजशेखर फेटा बांधून, गळ्यात हार घालून संगप्पाशेजारी चालत होता. लाँड्रीचं कापड लख्ख होतं, हे उमादेवीला मान्य करावं लागलं. नीळ चांगली बसली होती.

ती एकटीच. एरवी हे काम दोघं करायची. पुढचं कापड पसरायचं, मागं पळायचं, मागलं गोळा करायचं, पालखीला वळसा घालून पुन्हा पुढं. घाम डोळ्यांत जात होता, गुडघा कुरकुरत होता. कडेला उभ्या बाया कुजबुजत होत्या, बघा, नवऱ्याची इज्जत गेली आन ही फुकट राबून राहिली.

चावडीशी दोन वाटा फुटतात. उजवी देवळाकडं माघारी. डावी नदीवर. पूर्वी पालखी नदीवर जायची आणि देवाची आंघोळ तिथं व्हायची. पाणी नासल्यापासून तीन वर्षं संगप्पा तिला चावडीवरून उजवीकडं वळवत होता. देवाला फिल्टरच्या पाण्यानं आंघोळ घालत होता. पितळेची घागर चावडीच्या कट्ट्यावर भरून ठेवलेली होती.

उमादेवीनं कापड डावीकडं टाकलं.

"ए बाई, उजवीकडं," संगप्पा बोलला.

ती मागचं कापड उचलायला गेली. उचललं, पळत आली, पहिल्याच्या पुढं टाकलं. डावीकडंच.

"सोमेश, थांब. उजवीकडं घे."

सोमेश पालखीच्या वजनाखाली घामाघूम झाला होता. त्यानं खाली बघितलं. डाव्या अंगाला पांढरं कापड, उजव्या अंगाला नुसता तापलेला फुफाटा. "आप्पा, कापडाबाहेर पाऊल कसं टाकू?" तो म्हणाला. "पायघडी जिकडं, पालखी तिकडं." आणि चालला.

संगप्पा काही करू शकला नाही. देवापुढं परटिणीचा पदर ओढायचा म्हणजे त्याच्याच अध्यक्षपणाला आग. सनईवाला वाजवत राहिला. अख्खं गाव नदीकडं निघालं. उतारावर वास आला तशा बायांनी पदर नाकाला लावले. बंधाऱ्यावर भोंग्याचा खांब हिरवा दिवा लावून उभा होता, आणि त्याच्याखाली, धुण्याच्या दगडावर, मडिवाळप्पा बसला होता. न बोलावता देव त्याच्यापाशी आला होता. त्यानं हात जोडले. फुटलेले, सोललेले हात सगळ्यांना दिसले.

उमादेवीनं पुजाऱ्याच्या हातातला तांब्या घेतला, फेस बाजूला सारून नदीतून भरला आणि संगप्पापुढं धरला.

"घाला, आप्पा. देवाची आंघोळ."

"वेड लागलं का तुला? हे पाणी देवाला?"

"मशीन म्हणतंय चांगलं हाय. हिरवं हाय बघा. मागल्या साली हेच सांगितलं न्हवं तुम्ही आमच्या मालकाला?"

संगप्पानं तांब्यात बघितलं आणि मान फिरवली. पुजारी दोन पावलं मागं सरला.

"न्हाई घालवत? मंग ज्या देवाचं तुम्ही ऐकताव त्यालाच घालते."

तिनं पदराची गाठ सोडली, खोलीचं कुलूप काढलं, दार सताड उघडलं. मधोमध बादली, बादलीत कांडी, कोपऱ्यात फिल्टरचे जार. उभ्या गावानं बघितलं. तिनं बादलीतलं निर्मळ पाणी दारातून बाहेर फेकलं, तांब्या बादलीत रिकामा केला आणि कांडी बुडवली.

दिवा लाल झाला. भोंगा वाजला. संगप्पाच्या खिशात मोबाईल थरथरायला लागला, कमिटीच्या बाकीच्यांचेही. राजशेखर फेटा सावरत लोकांना ढकलत दारापाशी आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि घाबरलेल्या माणसाच्या जिभेला लगाम नसतो.

"बाई, बादलीत नदीचं पाणी घालायला कुणी सांगितलं तुला?"

भोंग्याच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू आलं. हलगी थांबली. पालखीच्या दांडीखालून सोमेशनं विचारलं, "मंग कुठलं घालायचं असतंय, सायब?"

राजशेखर मोबाईल चाचपायला लागला. भीमा गर्दीतून पुढं आला आणि त्याच्यापुढं उभा राहिला. म्हशीचं दावं अजून त्याच्या खांद्यावर असायचं.

संगप्पा व्यवहारी माणूस. त्यानं वारं ओळखलं. "झालं ते झालं," तो उमादेवीला म्हणाला. "ह्याचा काय तो बंदोबस्त कमिटी करंल. तू कापड टाक, पालखी माघारी जाऊ दे. पोरांचे खांदे मोडून राहिलेत."

पालखीवाले एका कापडावर उभे होते. उमादेवीनं मागलं कापड गोळा केलं आणि त्याच्यावर हात ठेवून जमिनीवर बसली. "मळलंय. उताराला चिखल लागलाय. मळकं कापड देवापुढं टाकत न्हाई मी."

"मंग धू."

"मी कशी धुवू? मला नुसतं टाकायचं काम सांगितलंय. धुवायचा मान आमचा न्हाई. फेटा ज्याच्या डोक्यावर, त्यानं धुवावं. आन मान ज्यानं दिला, त्यानं पिळावं."

"उमादेवी, जास्त होतंय."

"व्हय, जास्तच हाय. वरीसभराचं हाय."

ऊन माथ्यावर येत होतं. पालखीवाल्यांनी खांदा बदलला, पुन्हा बदलला. पालखी खाली टेकवायची नाही. कापडाविना हलवायची नाही. आधी बायांनी, मग पोरांनी, मग म्हाताऱ्यांनी संगप्पाकडं बघायला सुरुवात केली. कुणी शिवी दिली नाही. नुसते बघत राहिले. शेवटी पुजारीच म्हणाला, "आप्पा, देव ताटकळलाय."

संगप्पानं सोन्याची अंगठी काढून खिशात घातली आणि धोतर खोचलं. राजशेखरनं पळायला वाट बघितली, पण वाटेत भीमा होता. दोघं पाण्याशी आले. मडिवाळप्पानं दगड सोडून दिला आणि बाजूला उभा राहिला. ते कापड बुडवायला लागले तसं त्याच्यातला परीट जागा झाला.

"आपटू नका," तो म्हणाला. "देवाचं कापड हाय. हातानं चोळा. बुडाशी चोळा, फेसात न्हाई."

दोघं चोळत राहिले. लख्ख कापड आधी मळकं झालं, मग पिवळं, आणि जितकं चोळावं तितकं पिवळं. राजशेखरच्या फेट्याचा शेमला पाण्यात लोंबत होता. दहा मिनिटांत संगप्पा बोटं झटकायला लागला. उमादेवी काठावर बसून बघत होती. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, लई बरं वाटलं. भोंगा वाजतच होता. तो बंद करायला खोलीत जावं लागणार होतं, आणि कुलूप लावून किल्ली तिनं पुन्हा पदराला बांधली होती.

संगप्पानं कापड पिळलं आणि दोन्ही हातांवर धरून मडिवाळप्पापुढं आला. त्याच्या बोटांची बेचकी लाल झाली होती. डोळे वर करवत नव्हते त्याला.

"झालं का बघ, मडिवाळप्पा," तो म्हणाला.

मडिवाळप्पानं कापड घेतलं. उजेडाकडं धरलं, घडी उलगडून आतला पदर बघितला, काठ बोटांत घेऊन चाचपला. मग नाकाशी नेऊन सावकाश हुंगलं, आणि संगप्पाच्या हातांवर परत ठेवलं.

"आजून एक पाणी काढा," तो म्हणाला.